ब्लँकेटला लोकर किती?

ब्लँकेट पाऊण विणून झालं आणि लोकर संपली, की दुकानात तोच रंग मिळतो, पण तीच छटा मिळेल याची खात्री नसते. लोकर एकेका घाण्यात रंगवतात आणि लेबलवरचा लॉट नंबर त्या घाण्याचा असतो. दोन लॉटमधला फरक सुट्या गुंड्यांत सहसा जाणवत नाही. विणल्यावर मात्र सरळ पट्टा उठतो. म्हणून सगळी लोकर एकदम, एकाच लॉटची घ्यावी. त्यासाठी किती लागेल ते आधी कळायला हवं.

नमुन्याच्या पुस्तकातला आकडा तो नमुना विणणारीच्या हाताचा असतो. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. आपल्या हाताचा आकडा आपणच काढावा, आणि त्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. जी लोकर, जी सुई आणि जी वीण ब्लँकेटला वापरणार, त्यांचाच एक चौकोन विणून तोलायचा.

हा चौकोन मोठा हवा, आणि इथेच बहुतेक जणी कंटाळा करतात. समजा, १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा काट्यावर ६ ग्रॅम भरला. ९० बाय १२० सेंटिमीटरच्या ब्लँकेटमध्ये असे १०८ तुकडे बसतात, म्हणजे ६४८ ग्रॅम. पण काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल, तर खरं वजन साडेपाच किंवा जवळपास साडेसहाही असू शकतं. मग उत्तर ५९४ पासून ७०२ पर्यंत कुठेही जातं. एका गुंड्याहून जास्त फरक! तेच २० बाय २० चा तुकडा २४ ग्रॅम भरला, तर असे २७ तुकडे. चूक फार तर १४ ग्रॅमची. तासभर जास्त विणण्याची ही किंमत नक्कीच वाजवी आहे.

किनार हिशेबात धरायला विसरू नका. याच ब्लँकेटला चारही बाजूंनी ३ सेंटिमीटरची किनार घातली, तर क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे आणखी ७८ ग्रॅम. वर दहा टक्के जोड धरली, की १०० ग्रॅमचे आठ गुंडे होतात. रंग वारंवार बदलणार असाल, तर टोकं लपवायलाही लोकर जाते. मग नववा घ्या.

लोकरीचा प्रकार बदलला, तर वजनाचा हिशेब फसतो. सुती धागा अ‍ॅक्रिलिकपेक्षा जड असतो. तितक्याच वजनात लांबी कमी भरते. अशा वेळी लेबलवरचे मीटर बघावेत. १०० ग्रॅममध्ये २२० मीटर असलेल्या लोकरीचे आठ गुंडे म्हणजे १७६० मीटर. गुंड्यात १७० मीटरच असतील, तर अकरा घ्यावे लागतील.

खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, लेबलसकट न उघडलेला गुंडा परत घेतील का. आणि दोन लॉट घ्यावेच लागले, तर जुना संपेपर्यंत थांबू नका. पुरेसा शिल्लक असतानाच दोन ओळी जुन्या, दोन नव्या अशा आलटून पालटून विणत जा.