देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

हातच्याच्या वजाबाकीला मुलं कंटाळली असतील, तर देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेलं हे गणित त्यांना द्याच!

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७.
पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२.
पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४.
आता ७६४१ − १४६७? परत ६१७४च!

कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. मला हे दर वेळी विलक्षण वाटतं.

फक्त शून्य सांभाळा. २१११ घेतल्यास उत्तर ९९९ येतं. ते ०९९९ लिहायचं, म्हणजे पुढची पायरी ९९९० − ०९९९.

तीन अंकी संख्येत काय होतं, ते मुलांनाच शोधू द्या.