रास आणि नकाशा : पियानोसंगीतातील दोन आकाशे

‘आकाशापासून स्फुरलेले संगीत’ या रूढ शब्दप्रयोगात दोन परस्परभिन्न प्रक्रिया एकत्र नांदतात. पियानोसाठी लिहिलेल्या दोन अमेरिकन रचना शेजारी ठेवल्या असता हा भेद स्पष्ट होतो, आणि त्यातून साहित्यसमीक्षेलाही महत्त्वाचा असा एक प्रश्न उभा राहतो : कर्त्याला संहितेतून वगळता येते काय?

जॉर्ज क्रंब यांच्या ‘माक्रोकॉसमॉस’चे पहिले दोन खंड १९७२ व १९७३ सालचे. प्रत्येक खंडात १२ रचना असून प्रत्येकीस एकेक रास नेमून दिली आहे. पहिल्या खंडातील कुंभ राशीच्या रचनेचे शीर्षक सर्पिल दीर्घिकेवरून घेतलेले असून तिचे स्वरलेखनही कागदावर सर्पिलाकार उमटते. ताऱ्यांना जोडून मानवाने कल्पिलेली आकृती हाच येथे आरंभबिंदू होय. आकाशवाचनाची जी परंपरा चालत आली, तिचेच हे पुनर्वाचन आहे.

जॉन केज यांनी ‘एत्यूद ऑस्त्राल’ (१९७४-७५) या ३२ रचनांच्या संचात ही परंपराच बाजूस सारली. चेक खगोलविद अंतोनिन बेच्वार यांच्या दक्षिण आकाशाच्या नकाशांवर पारदर्शक पट्टी ठेवून त्यांनी ताऱ्यांची स्थाने उतरवून घेतली व त्यांचे स्वर केले. कोणत्या रंगाचे तारे घ्यावयाचे, हे ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातील कौलपद्धतीने ठरविले. आपली आवडनिवड, आपला हेतू रचनेत उतरू नये, हा त्यामागील आग्रह होता.

तथापि कर्ता येथूनही पूर्णतः नाहीसा होत नाही. नकाशातील रंग खगोलविदांनी केलेले ताऱ्यांचे वर्गीकरण दर्शवितात. एकाच हाताला एका वेळी वाजविता येतील असेच स्वरसंघात केज यांनी स्वीकारले, कारण येथे दोन्ही हात परस्परांच्या साहाय्यावाचून वाजतात. ही रचना ग्रेटे सुल्तान या वादिकेसाठी लिहिलेली होती.

मुळाशी संपूर्ण निष्ठा सांगणाऱ्या अनुवादाचीही हीच स्थिती असते. अनुवादक स्वतःची अभिरुची आवरू शकतो. परंतु कोणता पाठ प्रमाण मानावयाचा आणि लक्ष्यभाषेला काय पेलेल, हे निर्णय त्याला घ्यावेच लागतात. क्रंब यांच्या रचनेत असे निर्णय उघड दिसतात. केज यांच्या रचनेत ते पद्धतीत दडलेले असतात. तेथे ते शोधणे, हे समीक्षेचे काम होय.