अग्नी-अश्वाच्या वर्षापेक्षाही कमी

१९६५ मध्ये जपानात १८ लाखांवर मुलं जन्मली. १९६६ मध्ये ती साडेतेरा लाखांच्या आसपास आली आणि १९६७ मध्ये थेट १९ लाखांपुढे गेली. मधल्या वर्षी ना युद्ध होतं, ना दुष्काळ, ना साथ. ते वर्ष फक्त 'हिनोए-उमा'चं, म्हणजे अग्नी-अश्वाचं होतं. साठ वर्षांच्या चक्रात एकदा येणाऱ्या या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, असा तिथला समज. आपल्याकडे मंगळामुळे मुलींची लग्नं अडतात, त्याच जातीचा. जपानी लोक या समजाचा संबंध अशाच वर्षी जन्मल्याचं मानल्या जाणाऱ्या, एदो शहरातल्या ओशिची या भाजीविक्रेत्याच्या मुलीशी जोडतात. प्रियकराची पुन्हा भेट व्हावी म्हणून तिने आग लावली आणि १६८३ मध्ये तिला जाळून मारण्याची शिक्षा झाली, अशी कथा आहे. २०२६ हे वर्षही अग्नी-अश्वाचंच.

१९६६ चा जननदर १.५८ होता. एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, ते सांगणारा हा आकडा. लोकसंख्या टिकायला तो २.१ च्या आसपास लागतो. (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा १.७ भरला.) अंधश्रद्धेने एका वर्षापुरता गाठलेला तळ म्हणून १.५८ लक्षात राहिला होता. मग १९८९ चा आकडा जाहीर झाला: १.५७. या खेपेला पंचांगात काहीच वावगं नव्हतं. '१.५७ चा धक्का' हे नाव तेव्हापासून रूढ आहे. २०२४ मध्ये दर १.१५ वर उतरला आणि वर्षभरातले जन्म सात लाखांच्या आत आले.

धक्का बसावा, असं खरं तर अचानक काही झालं नव्हतं. युद्धानंतर १९४७ मध्ये दर साडेचारच्या वर होता. १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला वाट मोकळी झाली आणि दहा वर्षांत दर दोनवर आला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनची घसरण मात्र वेगळी आहे. तिचं मूळ लग्नात आहे. जपानात विवाहाबाहेर जन्मणारी मुलं शंभरात जेमतेम दोन, त्यामुळे लग्न लांबलं की मूलही लांबतं आणि लग्न झालंच नाही तर विषयच संपतो. लग्न झालेली जोडपी आजही सरासरी दोनच्या जवळपास मुलं वाढवतात.

मला सर्वांत निर्णायक वाटतो तो नव्वदच्या दशकातला योगायोग. १९७१ ते १९७४ दरम्यान दर वर्षी वीस लाखांवर मुलं जन्मली होती. ही पिढी वयात येऊन जन्मांची नवी लाट आणणार, असं गणित होतं. पण ती शिकून बाहेर पडली तेव्हा जमीन-शेअरचा फुगा फुटलेला. कंपन्यांनी भरती थांबवली, कायम नोकरीऐवजी कंत्राट आलं; त्या काळाला तिथे 'रोजगाराचं हिमयुग' म्हणतात. लग्नं राहून गेली. लाट आलीच नाही, आणि ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्या आज आया कशा होणार? आता जननदर वाढला तरी जन्म फारसे वाढणार नाहीत, कारण आयाच कमी आहेत.

सरकारने १९९४ मध्ये 'एंजल प्लॅन' आणला, पाळणाघरं वाढवली, भत्ते दिले, २०२३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संस्था काढली. टोकियो प्रशासनाने तर स्वतःचं लग्न जुळवणारं ॲप सुरू केलं. यश तुटक. ओकायामा प्रांतातलं सहा हजार वस्तीचं नागी हे गाव नेहमी दाखवलं जातं: तिथे २०१९ मध्ये दर २.९५ होता. मुलांवर सढळ खर्च आणि आयांना चार-दोन तासांची कामं मिळवून देणारी सोय, हे तिथलं वैशिष्ट्य. पण इतक्या लहान गावात पाच-दहा जन्मांनीही आकडा हलतो.

जपानचं खरं कर्तृत्व दुसऱ्या टोकाला आहे. १९६३ मध्ये शंभरी गाठलेल्यांची पहिली मोजणी झाली तेव्हा ते देशभरात १५३ होते. त्यांना सरकारकडून चांदीचा साकेचा पेला मिळे. पुढे शतायुषींची संख्या इतकी वाढली की २०१६ पासून पेल्याला फक्त चांदीचा मुलामा राहिला. आज पासष्टीपुढचे लोक सुमारे २९ टक्के आहेत, आणि त्यांच्यासाठी एप्रिल २००० पासून शुश्रूषा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. गरज पडली की तपासणी होते, सात पायऱ्यांपैकी एक ठरते आणि मदतनीस, दिवसभराचं केंद्र किंवा घरी अंघोळ घालायला येणारी माणसं मिळतात. खर्चाचा बहुधा दहावा हिस्सा आपला. रोख रक्कम मात्र देत नाहीत. ती दिली तर पैसे घरात येतील आणि सेवा सुनेच्याच गळ्यात राहील, असा आक्षेप स्त्री-संघटनांनी योजना ठरतानाच घेतला होता. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

ही सेवा करायला हात मात्र अपुरे पडतात. म्हणून इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाममधून परिचारिका व मदतनीस येतात. २०१९ पासून कुशल कामगारांसाठीच्या नव्या व्हिसावरही मदतनीस येऊ शकतात. पैकी व्हिएतनामचा स्वतःचाच जननदर दोनखाली गेला, आणि २०२५ मध्ये त्या देशाने दोन मुलांची मर्यादा काढून टाकली.