गाडी उलटली तरी पोर वाचले पाहिजे

अहिल्यानगर, म्हणजे आपले अहमदनगर, हे जुने गाड्यांचे गाव. इथल्या कारखान्यात लुना बनत असे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई संस्था आजही इथेच आहे. जिल्ह्यात 1983 साली लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. आमच्या वाचकांपैकी कोणाचे पोर अशा कॉलेजात असेल, तर 'बाहा' हा शब्द एव्हाना घरात आला असेल.

ही विद्यार्थ्यांची स्पर्धा अमेरिकेत 1976 साली सुरू झाली, आपल्याकडे 2007 पासून. खाचखळग्यांतून पळणारी एका माणसाची छोटी गाडी मुलामुलींनी स्वतः बांधायची. गाडी उलटली तर चालकाला वाचवतो तो त्याच्याभोवतीचा पाईपांचा पिंजरा, रोल केज.

आईबाप म्हणतील, घाला की जाड पाईप! पण जड गाडी मागे पडते. शिवाय जाडी म्हणजेच ताकद नव्हे. 25 मिलिमीटरची भरीव सळई आणि तेवढाच, पण 3 मिलिमीटर जाडीचा पोकळ पाईप घ्या. पाईपाचे वजन सळईच्या निम्म्याहून कमी, तरी वाकण्याला विरोध मात्र दोन तृतीयांश. वाकताना खरे काम कडेचे लोखंड करते, मधला गाभा फुकट वजन वाढवतो. बांबू पोकळ असूनही ताठ का, ते इथे कळते. आता पाईप 29.2 मिलिमीटर रुंद व 1.65 मिलिमीटर जाडीचा केला तर वजन आणखी तीस टक्क्यांनी घटते, ताठपणा मात्र तसूभरही कमी होत नाही. म्हणून बरीच पोरे असा पातळ पाईप चांगल्या मिश्र पोलादाचा घेतात. तो महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको.

मग कॉम्प्युटरवर पिंजऱ्याचे हजारो बारीक तुकडे पाडून कुठे किती ताण येतो ते काढतात. लाल रंग दिसला की जास्त ताण. चित्र देखणे असते, पण ते आपण दिलेल्या आकड्यांवरच उभे असते. चालकासह 250 किलोची गाडी ताशी 50 किलोमीटरने धडकली आणि 0.1 सेकंदात थांबली, असे धरले तर सरासरी धक्का सुमारे साडेतीन टनांचा येतो. 0.2 सेकंद धरले की तोच पावणेदोन टन! गाडी तीच, धडक तीच. निम्मा धक्का केवळ कागदावर नाहीसा झाला. आमच्या मते पोराची खरी परीक्षा इथे आहे. सोयीचा आकडा धरून हिरवे चित्र काढणे कोणालाही जमते. हा हिशेब आधी वहीत हाताने करायला लावावा.

दुसरी गोष्ट नागापूर एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या बापांसाठी. साध्या हिशेबात कॉम्प्युटर प्रत्येक जोड पक्काच धरतो. आत हवा राहिली, किंवा पातळ पाईप जास्त तापून जळाला, हे त्याला दिसत नाही. म्हणून स्पर्धेच्या नियमांत वेल्डरचीही परीक्षा आहे. पिंजऱ्याच्याच पाईपाचे नमुने जोडायचे. एक मोडेपर्यंत ओढायचा. तुटायचा तर पाईप तुटावा, जोड नव्हे. दुसरा तिरपा जोड कापून आत धातू सगळीकडे सारखा मिसळला आहे का, ते दाखवायचे.

तेव्हा पोराने रंगीत चित्र आणून दाखवले, की कौतुक जरूर करा. मग विचारा : धक्क्याला किती सेकंद धरलेस? आणि जोड कापून पाहिलास का?