कबड्डीतील किशोर व कुमार गट : रायगड किनारपट्टी

कबड्डीतील नवोदित खेळाडूंची पात्रता वय व वजन या दोन कसोट्यांवर ठरविण्याची पद्धती. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात अलिबाग, पेण, उरण, मुरूड इ. तालुक्यांतील गावोगावच्या मंडळांनी हा खेळ जोपासला. तेथील मुलांना शालेय स्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील गट एकीकडे, तर संघटनेचे गट दुसरीकडे, अशा दोन वाटा असतात. संघटनेच्या नियमांत प्रदीर्घ काळ किशोर गटास १६ वर्षे व ५५ किग्रॅ., तर कुमार गटास २० वर्षे व ७० किग्रॅ. (तत्पूर्वी ६५) अशा कमाल मर्यादा होत्या. साहजिकच ५८ किग्रॅ. वजनाच्या पंधरा वर्षांच्या मुलास वीस वर्षांच्या तरुणांशी झुंजावे लागे. तेही १५ ऐवजी २० मिनिटांच्या दोन डावांत. ते टाळण्यासाठी वजन घेण्यापूर्वी अन्नपाणी वर्ज्य करणे ही वाढत्या वयात घातकच प्रथा होय.

‘खेलो इंडिया’ स्पर्धा २०१८ मध्ये १७ वर्षांखालील होत्या. २०१९ (पुणे) व २०२० (गुवाहाटी) मध्ये २१ वर्षांखालील गट जोडला गेला, तर २०२२ च्या हरयाणातील स्पर्धांत १८ वर्षांखालील एकच गट राहिला. परिणामी एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूंचे हे द्वार बंद झाले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने २०१७ पासून नवोदितांचा शोध आरंभिला. तथापि ती पुरुषांची स्पर्धा होय. महिलांची तीन संघांची स्पर्धा २०१६ मध्ये झाली, पण ती पुढे चालू राहिली नाही.