रायरेश्वराची शपथ: आपल्याला नक्की काय माहीत आहे?

भोरच्या रायरेश्वरावर १६४५ साली शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण कळलं कशावरून? मुख्य आधार म्हणजे त्यांनी रोहिड खोऱ्यातल्या दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं त्याच सालचं पत्र. त्यात नाव रोहिरेश्वराचं आहे, आणि पत्राच्या अस्सलपणावर काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे.

मग खात्री कशी करायची? भारतीय तत्त्वज्ञानातलं न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. इतिहासात प्रत्यक्ष हाती नसतंच. उरतो शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं, आणि त्यावर बेतलेलं अनुमान. उदाहरणार्थ, वेल्ह्याचा तोरणा किल्ला महाराजांनी घेतला यात वाद नाही. साल मात्र कुठे १६४६, कुठे १६४७. (शंका म्हणजे अनादर नव्हे, भांडायला येणाऱ्यांसाठी आधीच सांगतो!)

रायरेश्वराला जरूर जा, पण आधी ते पत्र मिळवून वाचा.