फाट्यापासून बांधापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या माजलगावात दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. 61 क्रमांकाचा महामार्ग कल्याणकडून अहिल्यानगर, पाथर्डी, गढी करत माजलगावात येतो आणि पुढे पाथरी, परभणी, नांदेडमार्गे तेलंगणातल्या निर्मलला पोचतो. त्याचा जुना क्रमांक 222. दुसरा 548सी. तो शेगाव, लोणार, मंठा, परतूरकडून येतो आणि तेलगाव, धारूर, केजवरून बार्शीकडे उतरतो. या दोन रस्त्यांनी वर्षभर माणसं जात असतात. कुणी गंगामसल्याच्या भालचंद्र गणपतीला निघालेलं असतं, कुणी पाथरीला, कुणी परळीला वैजनाथाला. अधिक महिन्यात पुरुषोत्तमपुरीला जाणाऱ्यांची रीघ लागते. दारं खिडक्या लावलेल्या गाड्यांमधली ही माणसं दोन्ही बाजूंचा ऊस, कापूस आणि ज्वारी पाहत पुढे निघून जातात.

यांतली काही माणसं थांबायला तयार असतात. पोरांना कालव्याचं पाणी उसाच्या सरीत कसं शिरतं ते दाखवायचं असतं, हुरडा खायचा असतो, झाडाखाली बसून भाकरी खायची असते. आत तीन किलोमीटरवर असं शेत असतंही आणि शेतकरी पाहुणे घ्यायला तयारही असतो. अडतं ते मधल्या वाटेवर. ही वाट दाखवणारी पाटी कशी काम करते, ती कुठे, कोणाच्या परवानगीने आणि कशाची लावायची, हे नीट समजून घेतलं तर पुष्कळ खर्च आणि मनस्ताप वाचतो.

आधी शेताच्या बाजूची तयारी. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला 2005 मध्ये बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीच्या प्रकल्पाने ठळक रूप आलं. पांडुरंग तावरे यांनी तो उभा केला. राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं ते 2020 मध्ये. त्यानुसार एकटा शेतकरी, शेतकऱ्यांची सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय असे अनेक जण पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतात. बीड जिल्ह्यासाठी त्याचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. पाटीच्या दृष्टीने या नोंदणीचं मोल असं, की रस्त्याच्या मालकाकडे अर्ज घेऊन गेल्यावर तो पहिल्यांदा विचारतो, 'हे ठिकाण पर्यटनस्थळ आहे हे कोण म्हणतं?' नोंदणीचं प्रमाणपत्र हे त्याचं उत्तर. ते नसेल तर तुमची पाटी त्याच्या लेखी जाहिरातच असते, आणि जाहिरातीला महामार्गाच्या हद्दीत जागा मिळणं अवघड.

आता पाटी वाचली कशी जाते ते पाहू. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून थोडा हिशेब सोसावा लागेल.

महामार्गावर गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला 22 मीटर. अक्षर किती लांबून वाचता येतं याचा एक जुना ठोकताळा आहे: अक्षराच्या उंचीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण सहा मीटर. हा ठोकताळा रोमन लिपीवर बेतलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं. त्यामुळे मी सहाऐवजी पाच मीटर धरतो. म्हणजे 20 सेंटिमीटरचं अक्षर शंभर मीटरवरून वाचता येईल. शंभर मीटर कापायला गाडीला साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चालकाला समोरचा ट्रॅक्टर बघायचा असतो, आरसा बघायचा असतो आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकायचं असतं. पाटीच्या वाट्याला फार तर दोन सेकंद येतात. दोन सेकंदांत माणूस पाच-सहा शब्द वाचतो. शेताचं नाव, मालकाचं नाव, दोन मोबाईल क्रमांक, 'सुस्वागतम', जेवणाची यादी आणि कोपऱ्यात फोटो असलेली पाटी या वेगाला कुणीच वाचत नाही. तिथे फक्त रंगीत चौकोन दिसतो.

पाटी वाचून झाल्यावर ठरवायला वेळ लागतो. वळायचं का, घरच्यांना विचारायचं का? त्यात अडीच सेकंद, म्हणजे 55 मीटर जातात. मग वेग उतरवायचा. मागच्या सीटवर झोपलेलं मूल न दचकता 80 वरून 20 वर यायचं, तर आणखी सव्वाशे मीटरच्या आसपास लागतात. पाटी बरोबर फाट्यावरच लावली असेल तर वाचून, ठरवून, ब्रेक लावेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. मग चालक एकतर पुढे निघून जातो, नाहीतर भर महामार्गावर करकचून ब्रेक मारतो. गळीत हंगामात त्याच्या मागे दोन ट्रॉल्या उसाने भरलेला ट्रॅक्टर असतो आणि त्याला असं थांबता येत नाही. म्हणून पहिली पाटी फाट्याच्या 200 ते 300 मीटर अलीकडे हवी. हा जिवाचा प्रश्न आहे, आणि पाटी लावणाऱ्याने तो तसाच घ्यावा.

तर महामार्गावर एक नाही, दोन पाट्या लागतात: एक आगाऊ सूचना देणारी, दुसरी प्रत्यक्ष वळणावर बाण दाखवणारी. दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांचा विचार केला तर चार. आत गेल्यावर वेग 40 वर येतो, तिथे दहा सेंटिमीटरचं अक्षर पुरतं. मात्र आत दुसरीच अडचण सुरू होते. जिथे जिथे रस्ता फुटतो तिथे पाटी हवी, आणि लांब सरळ पट्ट्यावर मधेच एक अशी हवी की माणसाला वाटावं, आपण चुकलो नाही. शहरातला माणूस गावरस्त्यावर एक किलोमीटर काही न दिसता गेला की त्याचा धीर सुटतो आणि तो गाडी वळवतो. या धीर देणाऱ्या पाटीवर फक्त चिन्ह, बाण आणि 'दीड किमी' एवढं असलं तरी पुरे. साखळीतली एक कडी गळली तर आधीच्या सगळ्या पाट्यांचा खर्च वाया जातो.

रंगाचेही नियम आहेत. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था 1934 पासून काम करते. तिची रस्ताचिन्हांची संहिता, आयआरसी 67, पहिल्यांदा 1977 मध्ये निघाली आणि 2022 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. गोल चिन्ह आज्ञा देतं, लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, आयताकृती पाटी माहिती देते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दिशा दाखवणाऱ्या पाट्या हिरव्या, द्रुतगती मार्गावर निळ्या. पेट्रोलपंप, दवाखाना, उपाहारगृह अशा सोयींची पाटी निळी असते. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. अजिंठा-वेरूळच्या रस्त्यांवर अशा पाट्या आपण पाहिल्या आहेत. ही तपकिरी पद्धत फ्रान्सच्या द्रुतगती मार्गांवर सत्तरच्या दशकात रुळली आणि नंतर इंग्लंडने घेतली. तिथे पाटी अधिकृत असली तरी तिचा खर्च अर्ज करणाऱ्यानेच द्यायचा असतो. इटलीने शेतावरच्या पर्यटनाला 1985 मध्येच कायदा केला, आणि आता तिथल्या शेतघरांचा दर्जा सूर्यफुलांच्या संख्येने दाखवतात. एकच खूण देशभर दिसते, त्यामुळे अनोळखी माणसालाही ती वाचण्याआधी ओळखू येते.

रस्ता कोणाचा, हे ओळखण्याची सोपी खूण कडेच्या किलोमीटरच्या दगडावर असते. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी असेल तर ग्रामसडक. रस्त्याचा दर्जा वाढला तरी जुना दगड तसाच राहिलेला असतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. कामाचा फलक शोधावा. त्यावर कोणत्या विभागाने काम केलं, ठेकेदार कोण आणि दोषदायित्व कालावधी केव्हा संपतो हे लिहिलेलं असतं. अर्ज त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे करायचा.

माजलगावच्या एखाद्या शेतापर्यंतची वाट या नजरेने पाहिली तर मजलदरमजल मालक बदलतो. महामार्गाची मालकी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे असते, मग प्रत्यक्ष देखभाल कोणत्याही यंत्रणेकडे असो. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही उभारायला 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याने मनाई आहे. पुढचा राज्य किंवा प्रमुख जिल्हा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. त्यातून फुटणारा गावरस्ता जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. गावठाणात ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. आणि माजलगावात हमखास येणारा टप्पा म्हणजे कालव्याकडेचा रस्ता. तो जलसंपदा विभागाचा. 1987 मध्ये पूर्ण झालेल्या सिंदफणेवरच्या धरणाने या भागात कालवे आणि चाऱ्यांचं जाळं आलं, आणि कित्येक शेतांना जायची खरी वाट तीच आहे. ही वाट पाहुण्यांच्या गाड्यांसाठी बांधलेली नाही. कालव्याला कठडा नसेल तर रात्री पाहुण्याला तिकडून आणूच नये, वळसा पडला तरी चालेल. मोबाईलचा नकाशा मात्र जवळची म्हणून नेमकी हीच वाट दाखवतो. म्हणून कालव्याच्या तोंडाशी 'इकडून नाही' सांगणारी पाटीही आपल्या साखळीचा भाग धरावी.

एवढ्या कचेऱ्या एकट्या शेतकऱ्याने पालथ्या घालाव्यात असं मला वाटत नाही. एका शिवारात तीन-चार जण पाहुणे घेत असतील तर त्यांनी ग्रामपंचायतीमार्फत एकच अर्ज करावा आणि महामार्गावरच्या पाटीवर शेताचं नव्हे, गावाचं नाव मागावं. 'कृषी पर्यटन, अमुक गाव, 3 किमी' आणि बाण. खासगी नावाला जो अडथळा येतो तो गावाच्या नावाला कमी येतो, खर्च वाटला जातो, आणि उद्या एकाने काम बंद केलं तरी पाटी खोटी पडत नाही. कोणाचं शेत कोणत्या बांधाला, हे वेशीजवळच्या पाटीवर लिहावं. तिथे गाडी उभी करून वाचता येते, म्हणून फोन क्रमांकाची जागाही तीच. कुणाला स्वतःचीच पाटी हवी असेल तर महामार्गाच्या हद्दीबाहेर, रस्त्यालगतच्या शेतकऱ्याची लेखी संमती घेऊन ती उभी करता येईल; पण तिथेही बांधकामाच्या नियंत्रण रेषेच्या अटी असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात.

आता वस्तूंकडे. फ्लेक्स उन्हाळा काढत नाही आणि रात्री दिसत नाही. पाटीला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर परावर्तक कागद हवा. या कागदात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात. पडलेला उजेड ते जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. गाडीचे दिवे आणि चालकाचे डोळे जवळजवळ असल्यामुळे तो उजेड चालकाला मिळतो. बाजारात 'रेडियम' म्हणून विकला जाणारा प्रत्येक कागद असा नसतो. काही नुसता चमकदार रंगीत कागद असतो. दुकानातच दिवा मालवून बॅटरी कपाळाशी धरावी आणि दहा पावलांवरून तुकड्यावर मारावी. खरा कागद भडक उजळतो. पाटी डाव्या हाताला, डांबराच्या कडेपासून दोन-तीन मीटर आत, खालची कड रस्त्यापासून दीड मीटर वर, आणि रस्त्याच्या काटकोनापासून किंचित फिरवलेली असावी, म्हणजे दिव्यांची तिरीप थेट डोळ्यांत जात नाही.

काळ्या मातीत खांब रोवणं हे वेगळंच काम आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. कलला की बाण आभाळ दाखवतो. भेगा जिथवर जातात त्याच्या खालपर्यंत खड्डा घ्यावा, तळाशी काँक्रीट आणि भोवती मुरूम भरावा. दुसरी गोष्ट उसाची. जूनमध्ये लख्ख दिसणारी पाटी ऑक्टोबरात उसाच्या पाठीमागे गेलेली असते, आणि पाहुण्यांचा हंगाम तर तेव्हाच सुरू होतो. वळणावरच्या शेतात काय पीक येणार आहे ते लागवडीआधी शेजाऱ्याला विचारावं. कडेची वेडी बाभूळ दिवाळीआधी छाटावी.

राहिला प्रश्न खरेपणाचा. हुरडा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेही पाऊस सरतानाचंच फळ. मार्चमध्ये 'हुरडा पार्टी' वाचून कुणी पोराबाळांसह तीन किलोमीटर आत आला आणि फाटकाला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा त्या गावाच्या पाटीकडे बघणार नाही. शेजारच्या चांगल्या शेतालाही त्याची झळ बसते. कायमच्या पाटीवर हंगामी गोष्ट लिहू नये. तिच्याखाली दोन कड्यांवर अडकवता येईल अशी छोटी पट्टी करावी, 'हुरडा सुरू' किंवा 'आज बंद', आणि ती बदलायची जबाबदारी घरातल्या एकावर ठरवून द्यावी.

सगळं उभं झालं की परगावच्या एखाद्या पाहुण्याला संध्याकाळनंतर फोन बंद ठेवून गढीकडून यायला सांगावं आणि आपण त्याच्या शेजारी गप्प बसावं. जिथे त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जाईल ती जागा कागदावर टिपावी. दुसऱ्या दिवशी तेच पाथरीकडून आणि तेलगावकडून करावं. पुढची पाटी कुठे लावायची ते त्या कागदावर लिहिलेलं मिळेल.